दहापैकी नऊ!

दर दिवाळीला अमेरिकेतल्या पुतण्याला फराळाचा डबा धाडायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा त्याने आधीच कळविले, "काका, डबा जरा थांबवा. पत्ता बदलतोय." नोकरीच्या निमित्ताने तो कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरी गेला आहे. वस्ती जेमतेम सव्वा लाख. मुलगी तिसरीत. मी विचारले, "घर कसे आहे?" तर म्हणाला, "घराचं काय, ते कसंही चालेल. शाळेला दहापैकी नऊ आहेत!"

मी मॅट्रिकवर थांबलेला मास्तर. आजवर मुलांना गुण दिले. शाळेलाच कोणी गुण देतो, हे मला नवीन. चौकशी केली तेव्हा कळले, की तिकडे घर विकावयास काढले की जाहिरातीत खोल्या, मोरी आणि मोटारीची जागा यांच्या शेजारीच जवळच्या सरकारी शाळेचे गुणही छापतात. हे गुण मुख्यतः मुलांच्या परीक्षांच्या निकालांवरून काढलेले. आणि निकाल कशावरून लागतात? तीस मुले पुढ्यात घेऊन बसणाऱ्या कोणत्याही मास्तराला विचारा. ज्या घरी आईबाप शिकलेले, पुस्तके पडलेली, पोट भरलेले, त्या घरचे पोर निम्मा अभ्यास घेऊनच वर्गात शिरते. म्हणजे नऊ गुण पुष्कळसे पालकांच्या पगाराला आणि पदव्यांना मिळालेले! शाळेने आपल्या बळावर किती शिकविले, हे त्या आकड्यातून वेगळे काढणे महाकठीण.

बरे, हा हिशेब दुसऱ्या कुठल्या गावी मांडला असता तर मी गप्प बसलो असतो. पण टोपेका! शाळांची तुलना कशी करू नये, हे साऱ्या अमेरिकेला ज्या गावाने शिकविले, तेच हे गाव.

१९५० साली तिथे गोऱ्या मुलांच्या अठरा प्राथमिक शाळा होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या चार. रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर असलेले ऑलिव्हर ब्राउन आपल्या लिंडाला घराजवळच्या समनर शाळेत घालावयास गेले. तिला प्रवेश नाकारला. ती तिसरीतली पोर रोज रेल्वेच्या रुळांच्या पसाऱ्यातून चालत बसच्या थांब्यावर जाई आणि तिथून लांबच्या मन्रो शाळेत. एकंदर तेरा पालकांनी १९५१ साली दावा लावला.

आता गंमत पाहा. न्यायालयात या शाळांची रीतसर तुलना झाली. इमारती, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता, सारे तपासले आणि जवळजवळ सारखे भरले! बस तर कृष्णवर्णीय मुलांना फुकट होती, गोऱ्यांना नव्हतीच. आजच्यासारखा तक्ता असता तर त्या सदरात मन्रोला एखादा गुण जास्तच मिळाला असता. परंतु ह्यू स्पीअर नावाच्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनी साक्ष दिली, की एकमेकांची संगत हाही अभ्यासक्रमच आहे; तो तोडला की शाळा सारख्या राहात नाहीत. खालच्या न्यायालयाला या वेगळेपणाची इजा दिसली, तरी जुन्या निवाड्यांनी हात बांधलेले, म्हणून पालक हरले. अखेर १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की भिंती-बाके सारखी असली तरी वेगळे बसविणे हीच असमानता. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळ्या बसलेल्या भीमरावांच्या महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

त्यातही मास्तर म्हणून मला एक गोष्ट फार लागली. निकालाची चाहूल लागताच, १९५३ च्या मार्चमध्ये, तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याने कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र धाडले. उद्या शाळा एक झाल्या तर गोऱ्यांच्या मुलांना शिकवायला तुम्ही बहुसंख्य लोकांना चालणार नाही, सबब पुढील वर्षाचा करार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे मुलीला न्याय मिळायचा आणि तिच्या बाईंची भाकरी जायची! हे दहापैकी कितीत बसवायचे?

आज दारावर कोणी अडवीत नाही. मात्र त्या एवढ्याशा शहरात आणि भोवती टोपेका, ऑबर्न-वॉशबर्न, सीमन, शॉनी हाइट्स अशी निरनिराळी शाळा-मंडळे आहेत. घर कोणत्या हद्दीत, त्यावर शाळा ठरते. शहरात राहूनही मूल दुसऱ्याच मंडळात जाऊ शकते. मग ऐपतवाले नऊच्या हद्दीत सरकतात. त्यांच्या मुलांनी नवाचे गुण टिकतात आणि चाराच्या शाळेत ऐपत नसलेलेच मागे उरतात. गुण पाहून माणसे हलतात आणि माणसे हलली म्हणून गुण हलतात. या चक्राला 'पालकांची निवड' असे गोंडस नाव आहे.

हे सारे मी पुतण्याला लिहिले. त्याने उत्तर धाडले, "काका, पटतं. पण माझ्या मुलीवर प्रयोग कशाला?" बापाचा जीव आहे, त्याला खोटे कसे म्हणू? मी एवढेच विचारले, की चार गुणांच्या शाळेत तू एकदा तरी पाऊल टाकलेस का? तिथल्या बाई कशा शिकवितात, पोरे हसतात की चिडीचूप बसतात, हे वर्गाच्या मागच्या बाकावर तासभर बसून पाहिलेस का? "नाही," म्हणाला, "तेवढा वेळ कुठाय?"

लिंडाला ज्या मन्रोत जावे लागे, ती इमारत आता राष्ट्रीय स्मारक आहे. समनर शाळा १९९६ साली बंद पडली. स्मारक पाहायला मुलीला घेऊन जा, असे मी कळविले, तेव्हा तो म्हणाला, आधी सामान लागू दे.

घर त्याने घेतले. डबा नव्या पत्त्यावर गेला आहे.