पहिल्या बाकावरची प्रथिनं

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही. पण निवृत्तीनंतर असले विषय वाचायची खोड लागली आहे. सध्या डोक्यात घोळतंय ते प्रथिनांचं जाळं.

आपल्याकडे प्रथिनं घडवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. पण प्रथिन एकटं क्वचितच काम करतं. ते दुसऱ्याला चिकटतं, त्याला जागं करतं किंवा गप्प बसवतं. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरण आणणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतं. रक्ताच्या काही कर्करोगांत ते फार वाढतं आणि मरायला हवी ती पेशी मरतच नाही. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकी हीच मिठी सोडवतं. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जाळ्यातला एक धागा नीट कळला, त्यातून औषध झालं!

मग सगळेच धागे का शोधू नयेत? इथे मला वर्ग आठवतो. पहिल्या बाकावरच्या मुलांची नावं शिक्षकांना तोंडपाठ असतात. मागच्या बाकावरचा मात्र वर्षभर 'अरे ए' च राहतो. संशोधनातही तेच. पी-५३ सारख्या नामांकित प्रथिनावर हजारो शोधनिबंध, म्हणून त्याचे संबंधही जास्त सापडलेले. म्हणून ते अधिक महत्त्वाचं वाटतं, आणि पुन्हा त्यावरच संशोधन!

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ह्यूरी' नकाशाने हे चक्र मोडायचा प्रयत्न केला. सुमारे १७,५०० प्रथिनं घेऊन, कोण प्रसिद्ध कोण नाही हे न बघता, त्यांच्या जोड्या यीस्टच्या पेशीत तपासल्या. सुमारे ५३,००० संबंध मिळाले, आणि ते सर्वांसाठी खुले आहेत.

नकाशा म्हणजे उपचार नव्हे, हे मान्य. त्याच वर्षी करोना विषाणूची प्रथिनं आपल्या ३३२ प्रथिनांशी जोडली जातात असं दिसलं. त्यावरून तपासलेल्या औषधांत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनही होतं. पेशींवर ते चाललं, पण मोठ्या चाचण्यांत रुग्णालयातल्या रोग्यांना त्याचा फायदा झाला नाही.

तरीही माझं मत असं, की सरकारी पैशाचा एक ठरावीक हिस्सा या अनोळखी प्रथिनांसाठी राखून ठेवावा. खासगी कंपन्या ओळखीच्या वाटेनेच जाणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या आजाराला अजून धड नावही नाही, त्याच्या रोग्याचं उत्तर कदाचित मागच्या बाकावरच बसलं असेल. हजेरी सगळ्यांची घ्यायला हवी.

तुम्हाला काय वाटतं?