प्रायमरीच होय!



मागच्या आठवड्यात देहूरोडहून पुण्याच्या लोकलमध्ये शेजारच्या ताईंशी गप्पा सुरू झाल्या. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी कौतुकाने विचारलं, "कितवीला शिकवता?" म्हटलं, "पहिलीला." त्या म्हणाल्या, "अच्छा, प्रायमरीच होय!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो 'च' मला पिंपरी येईपर्यंत टोचत राहिला. तुमच्यापैकी जे डी.एड. आहेत, त्यांनी हा 'च' कुठे ना कुठे ऐकलाच असेल.

म्हणून आज या 'प्रायमरी' शब्दाबद्दलच लिहिते.

लॅटिनमध्ये 'प्रिमुस' म्हणजे पहिला. त्यावरून विशेषण झालं 'प्रिमारिउस'. त्याचा अर्थ काय होता माहीत आहे? पहिल्या प्रतीचा, मानाचा, अग्रगण्य! 'सुरुवातीचा, सोपा, खालचा' हा अर्थ त्यात नव्हता. इटलीत आजही रुग्णालयातल्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरला लोक 'प्रिमारिओ' म्हणतात, आणि तिथल्या पहिल्या शाळेचं नाव आहे 'स्कुओला प्रिमारिया'. म्हणजे मोठे डॉक्टर आणि आपली बालगोपाळ मंडळी एकाच शब्दात बसतात! गणितातली मूळ संख्या, जिला इंग्रजीत 'प्राइम नंबर' म्हणतात, तीही याच घरातली. स्पॅनिशमध्ये 'प्रिमो' म्हणजे चुलत-मामे भाऊ. पण सहज फसणाऱ्या भोळ्या माणसालाही तिथे 'प्रिमो'च म्हणतात. (प्रत्येक घरात असा एक असतोच.)

आपला 'प्रथम' आणि लॅटिनचा 'प्रिमुस' हेही नात्यातले. 'पुढे, आधी' अशा अर्थाच्या एकाच अतिप्राचीन मुळापासून दोघे निघाले, आणि इंग्रजीतला 'फर्स्ट'सुद्धा. त्यामुळे 'प्राथमिक' हे 'प्रायमरी'चं नुसतं भाषांतर नाही, ते भावंडच आहे.

मग हा 'च' आला कुठून? फ्रेंच भाषेत त्याचा माग लागतो. फ्रान्समध्ये १८८२ साली ज्यूल फेरी यांच्या कायद्याने ६ ते १३ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. शेतकऱ्या-कामगारांची मुलं 'प्रिमेर' म्हणजे प्राथमिक शिकून थांबायची, पैसेवाल्यांची मुलं पुढे जायची. हळूहळू 'प्रिमेर' ही चक्क शिवी झाली. ज्याची बुद्धी तोकडी, ज्याला बारकावे कळत नाहीत, तो 'प्रिमेर'! शब्दाचा यात काय दोष? शाळेत कोण येतं यावरून शब्दाची किंमत ठरली.

त्याच १८८२ साली, ऑक्टोबरात, आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. ते इंग्रजीत होतं आणि त्यात हाच 'प्रायमरी' शब्द होता. सरकार पैसा उच्च शिक्षणावर घालतं आणि बहुजनांच्या पोरांची शाळा उपाशी ठेवतं, ही त्यांची तक्रार होती. किमान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. शिवाय शिक्षक चांगले प्रशिक्षित हवेत, कुणालाही १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको आणि मोठ्या गावांत १५-२० रुपये द्या, असा हिशोबही मांडला. जोतीरावांनी 'प्रायमरी' हा शब्द 'खालचं' म्हणून वापरला नव्हता. आधी कशावर खर्च करायचा, हे ते सांगत होते.

आपल्या मराठीत हे दोन्ही अर्थ आज एकत्र नांदतात. 'प्राथमिक अंदाज', 'प्राथमिक फेरी' म्हटलं की खरं काम अजून पुढे आहे असं वाटतं. आणि 'आमची प्राथमिकता' म्हटलं की तेच सगळ्यात महत्त्वाचं! (हा शब्द हिंदीच्या वळणाचा आहे, मला 'प्राधान्य' जास्त आवडतो.) शाळेच्या बाबतीत मात्र आपण पहिलाच अर्थ धरून बसलोय.

मला खटकतं ते असं. पालक दहावीच्या क्लाससाठी कर्ज काढतात, पण पहिलीच्या बाईंना वर्षभरात एकदाही भेटत नाहीत. आपणही कमी नाही. सगळ्यात अनुभवी शिक्षक वरच्या वर्गाला आणि नवखे पहिलीला, ही वाटणी कितीतरी शाळांत होते आणि आपण गप्प बसतो. माझ्या वर्गात घरी मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. त्यांना 'क' आणि 'फ' चा फरक कळेपर्यंत माझी सगळी विद्या पणाला लागते. हे काम नवख्याचं नाही हो!

एका मुलाचे बाबा चाकणला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये आहेत. पालकसभेत मी हे बोलले तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडेपण प्रायमरचा हात कुणालाच दिसत नाही. पण तो नीट बसला नाही तर वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो."

येत्या जूनमध्ये प्रवेश घेताना पालकांनी दहावीचा निकाल जरूर विचारावा. पण त्याआधी 'पहिलीला कोण शिकवणार?' हे विचारा, आणि जमलं तर त्या बाईंना भेटूनच फॉर्म भरा. शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेत पहिलीचा वर्ग कुणाला आणि कसा मिळतो, ते मला नक्की कळवा.