बाटलीच्या अलीकडचं

साताऱ्यात दारू सोडवणारं ‘परिवर्तन’ केंद्र आहे. सांगलीत देहविक्री करणाऱ्या बायकांसोबत काम करणारी ‘संग्राम’ संस्था आहे आणि तिच्यासोबत हाच धंदा करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’. कृष्णेच्या एकाच खोऱ्यातली ही कामं. तरी दोन्हींच्या मधे एक माणूस राहून जातो, असं आम्हांला वाटतं.

समलिंगी किंवा तृतीयपंथी म्हणून वाढताना ज्याच्यावर बळजबरी झाली, तो व्यसनमुक्ती केंद्रात येतो तो दारुडा म्हणून. घरचेच आणतात. कधीपासून पितो, रोज किती क्वार्टर, सगळं विचारलं जातं. पहिला घोट झोप लागावी म्हणून घेतला होता, हे तो सांगत नाही. सांगणार कुठं? वॉर्ड पुरुषांचा, गटासमोर बोलायची रीत आणि उपचारात घरचे भागीदार. या पद्धतीनं असंख्य संसार सावरले, हे खरंच. पण अत्याचारी घरातलाच असेल, किंवा पोरगा ‘तसला’ आहे याचा घराला पत्ताच नसेल, तर तीच पद्धत त्याचं तोंड बंद करते. बरा होऊन तो दिवाळीला घरी जातो. पाडव्याच्या पंगतीत अत्याचार करणारा तो नातेवाईकही असतो. पोरगा पुन्हा पितो आणि आपण म्हणतो, मन खंबीर नाही.

समलिंगी मुलींचं तर विचारूच नका. ‘सुधारेल’ म्हणून लग्न लावलं, तर पुढे त्या खोलीत जे घडतं त्याला आपला कायदा बलात्कारच म्हणत नाही.

कायद्याची तऱ्हा आणखी आहे. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांनाच गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मुळे तक्रार करणाराच आरोपी ठरायची धास्ती. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, ३७७ पूर्ण गेलं, आणि प्रौढ पुरुषावरच्या लैंगिक बळजबरीला स्वतंत्र कलमच उरलं नाही. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला ६ महिने ते २ वर्षं शिक्षा. बाईवरच्या बलात्काराला किमान १० वर्षं. हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात पहिला तास घरच्यांशिवाय ठेवायला मात्र संसद लागत नाही. सांगलीतल्या कार्यकर्त्यांनी साताऱ्याच्या समुपदेशकांना चार गोष्टी शिकवाव्यात, व्यसनाबद्दलच्या चार त्यांच्याकडून शिकाव्यात. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो. तो या अंकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापला आहे. वाचनालयातल्या प्रतीतून कुणी तेवढा कोपरा फाडून नेला, तर ग्रंथपालांनी रागावू नये.