गृहव्यवस्था : गारव्याचा हिशेब

महागांवकडील उन्हाळ्याचें वर्णन वऱ्हाडांतील वाचकांस करून सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चैत्र सरतांसरतां पारा ४० अंश ओलांडतो, वैशाखांत त्याच्याही बराच वर चढतो, आणि मध्यरात्र उलटली तरी भिंतीला हात लावला असतां ती कढतच लागते. जुन्या धाब्याच्या व कवेलूंच्या घरांतील जाड मातीच्या भिंती ऊन आंत येऊं देत नसत. आतां बहुतेकांच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आला आहे. म्हणून एके काळीं चैन समजला जाणारा ए. सी. आज अनेक कुटुंबांत आवश्यक होऊन बसला आहे.

परंतु महिन्याचें बिल हातीं पडलें म्हणजे घरांत दोन पक्ष होतात. तरुण मंडळी तो १८ अंशांवर ठेवून पांघरूण घेऊन निजतात; वडील मंडळी तो बंद करून घामाघूम होत बसतात. दोघांचेंही चुकतें, कारण हें यंत्र काय करतें याचा विचार दोघांनींही केलेला नसतो.

ए. सी. थंडी उत्पन्न करीत नाहीं. तो खोलींतील उष्णता व दमटपणा उचलून बाहेर टाकतो. १९०२ सालीं अमेरिकेंत विलिस कॅरिअर यांनीं त्याची योजना केली ती माणसांकरितां नव्हे, तर ब्रुकलिन येथील एका छापखान्यांतील हवेचा दमटपणा आवरण्याकरितां. १ टन बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी बाहेर काढण्याची शक्ति म्हणजे '१ टनाचा' ए. सी. याचा सरळ अर्थ असा कीं, आपण जितकी उष्णता आंत येऊं देऊं, तितकी बाहेर नेण्याचें भाडें आपणांस द्यावें लागतें. खरी काटकसर यंत्राच्या बटणापाशीं नसून गच्चीवर व खिडकींत आहे.

दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीं ती उष्णता खोलींत सोडीत राहतो. गच्चीला उन्हाळ्यापूर्वीं पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे, जमल्यास वर जाळीची सावली करावी. पश्चिमेच्या खिडकीवर ऊन कांचेपर्यंत पोंचण्यापूर्वींच, म्हणजे बाहेरच्या बाजूनें, आडोसा असावा. पहाटे दारें-खिडक्या उघडून गार हवा आंत घ्यावी व ऊन चढतांच त्या बंद कराव्या. ए. सी.च्या खोलीच्या दाराखालील फट कापडानें बुजवावी, आंतील जाळी दर पंधरवड्यास धुवावी, आणि बाहेरील यंत्रास सावली व मोकळा वारा दोन्ही मिळतील असें पाहावें.

आपल्या भागाचें एक भाग्य असें कीं, येथील वैशाख कोरडा असतो. कोरड्या हवेंत पाण्याची वाफ होतांना गारवा येतो. वाळ्याच्या पडद्यांचें व आजच्या कूलरचें तत्त्व तेंच. कूलरला साधारणपणें ए. सी.च्या एक-पंचमांशाहूनही कमी वीज लागते. तेव्हां मृगाचा पाऊस पडेपर्यंत कूलरवर भागवावें, व हवा दमट होऊन कूलर निरुपयोगी ठरला म्हणजे ए. सी.कडे वळावें. कूलरला खिडकी उघडी लागते, ए. सी.ला बंद. दोन्ही एकदम चालविणें म्हणजे एकानें ओतलेलें पाणी दुसऱ्यानें पैसे मोजून उपसणें होय. कूलरचें पाणी मात्र दर आठवड्यास काढून टांकी कोरडी करावी. डेंग्यूचे डांस तेथेंच वाढतात.

आतां अंशांविषयीं. १६ अंश लावल्यानें खोली लवकर गार होते, हा समज खोटा आहे. यंत्र केवळ अधिक वेळ राबतें. तपमान १ अंशानें वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते, असें केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचें सांगणें आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित ए. सी. मुळांतच २४ अंशांवर लावलेले असावेत, असा नियमही झाला. २६ अंश व सोबत मंद पंखा, इतक्यानें बहुतेकांस सुखाची झोंप येते.

खर्चाचा अंदाज घरींच काढतां येतो. यंत्रावरील तारांच्या चिठ्ठीवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. ते १६०० तासांचे धरलेले असतात. समजा, आंकडा ९६० आहे. तर ताशीं सरासरी ०.६ युनिट, रात्रींच्या ८ तासांचे ४.८, आणि महिन्याचे १४४ युनिट झाले. आपल्या उन्हाळ्यांत त्याहून अधिकच धरावे. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांनीं चढत जातात. एकत्र कुटुंबाचा मीटर एकच असला म्हणजे वरचा टप्पा लवकर गांठला जातो, आणि शेवटचे युनिट सर्वांत महाग पडतात.

म्हणूनच तीन खोल्यांत तीन यंत्रें लावण्यापेक्षां एक मोठी खोली नीट बंदिस्त करून भर दुपारीं सर्वांनीं तींत बसावें, हें एकत्र कुटुंबास सहज साधण्यासारखें आहे. त्या खोलींत पहिली जागा वृद्धांची व तान्ह्या मुलांची. म्हातारपणीं तहान व घाम दोन्ही कमी होतात. उन्हाचा त्रास कळेपर्यंत वेळ निघून जाते. हवा ४० अंशांवर गेली कीं नुसता पंखा अंगावर ऊनच फेंकतो. "मला कशाला हवा ए. सी.? बिल येईल," असें म्हणून आजी मागच्या खोलींत पडून राहत असतील, तर ती काटकसर नव्हे, संकटाची तयारी आहे. त्या असंबद्ध बोलूं लागल्या, अंग भाजू लागलें, तर अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व तत्काळ १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गच्चीच्या चुन्यानें, खिडकीच्या आडोशानें व दोन अंशांच्या संयमानें जें वांचेल, तें त्यांच्या दुपारीं खर्च व्हावें. घरांतील वडील माणूस बिलाच्या भीतीनें उकाडा सोशीत नाहीं, इतकी व्यवस्था प्रत्येक कर्त्या गृहस्थानें उन्हाळ्याच्या आरंभींच करून ठेवावी.