विद्यापीठाचा जमाखर्च कोणासाठी?

विद्यापीठाच्या अधिसभेत अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. निकालांची दिरंगाई, वसतिगृहांची दैना, रिक्त पदे यांवर तावातावाने बोलणारे सदस्य हिशेबाची पाने उघडताच गप्प होतात. आकडे हा लेखा विभागाचा प्रांत, त्यात सामान्य कार्यकर्त्याने काय पाहायचे, असा समज पुरोगामी चळवळींतही खोलवर रुजलेला आहे. हा समज महागात पडतो. पैसा कोठून आला आणि कोठे गेला याची चर्चा होण्याआधी तो कोणत्या नावाखाली लिहायचा हे कोणीतरी ठरवलेले असते. ज्या खर्चाला स्वतःचे नाव नाही त्या खर्चाविषयी प्रश्नच विचारता येत नाही. म्हणून लेखाशीर्षांची मांडणी ही दिसायला कारकुनी, पण मुळात लोकशाहीची बाब आहे.

भडगावचे उदाहरण घ्यावे. जळगाव जिल्ह्यातले हे गिरणाकाठचे तालुक्याचे गाव. कापूस हे या पट्ट्यातले मुख्य पीक. महाविद्यालयाचे प्रवेश पावसाळ्याच्या तोंडावर होतात आणि कापसाचा पैसा हाती येतो तो दिवाळीच्या सुमारास. बियाणे आणि प्रवेश शुल्क या दोन्ही गरजा एकाच वेळी दारात उभ्या राहतात. १९९० पर्यंत येथील विद्यार्थ्याचे विद्यापीठ दूर पुण्याला होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले आणि २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. भूगोलाचे अंतर अशा रीतीने सुमारे साठ किलोमीटरवर आले. हिशेबाचे अंतर मात्र विद्यापीठ जवळ आल्याने आपोआप कमी होत नाही.

भडगावच्या महाविद्यालयात भरलेल्या रकमेपैकी परीक्षा, पात्रता, क्रीडा, विद्यार्थी कल्याण अशा नावांचा वाटा विद्यापीठाकडे जातो. दुसऱ्या वाटेने त्याच विद्यार्थ्याचे आईबाप खतापासून काडीपेटीपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतात आणि त्या तिजोरीतून विद्यापीठाला अनुदान मिळते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी हेच वर्म दाखवून दिले होते: सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतात. फुल्यांचा प्रश्न आज विचारायचा तर त्याचे उत्तर देऊ शकेल अशी खतावणी हवी. ‘वेतन’, ‘प्रवास’, ‘छपाई’, ‘इतर’ एवढ्याच रकान्यांची खतावणी ते उत्तर देऊ शकत नाही.

मुळात खात्यांची मांडणी म्हणजे काय? कोणत्याही संस्थेची खाती पाच कुळांत बसतात: मालमत्ता, देणी, निधी, उत्पन्न आणि खर्च. प्रत्येक कुळात मोठी शीर्षे, त्यांखाली उपशीर्षे, आणि प्रत्येकाला ठरलेला क्रमांक. शासनाचा हिशेब असाच चालतो. राज्याच्या अंदाजपत्रकात विद्यापीठांचे अनुदान शोधायचे असेल तर २२०२, सर्वसाधारण शिक्षण, हे प्रमुख शीर्ष. त्यात ०३, विद्यापीठीय व उच्च शिक्षण. आणि त्याखाली १०२, विद्यापीठांना सहाय्य. संविधानाच्या अनुच्छेद १५० प्रमाणे केंद्र व राज्यांच्या हिशेबांचा नमुना नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात. त्यामुळे एका राज्याचा खर्च दुसऱ्याशी आणि यंदाचा खर्च दहा वर्षांपूर्वीच्या खर्चाशी ताडून पाहता येतो. हाच रुपया विद्यापीठाच्या फाटकातून आत गेल्यावर त्याचा माग शेवटपर्यंत लागतो का, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने या बाबतीत पाया घालून दिलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये सर्वसाधारण निधी, वेतन निधी, विश्वस्त निधी, विकास व कार्यक्रम निधी आणि आकस्मिकता निधी असे वेगवेगळे निधी सांगितले आहेत. शासनाकडून वेतनासाठी आलेली रक्कम वेतनावरच खर्च व्हावी, देणगीदाराने शिष्यवृत्तीसाठी दिलेला पैसा इमारतीच्या रंगरंगोटीत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. खानदेशाला हे तत्त्व परके नाही. धुळे जिल्ह्यातील पांझराकाठच्या फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड पाडलेले असतात, पाण्याची पाळी ठरलेली असते आणि पाटकऱ्याने पाणी कोणत्या फडाला सोडले हे साऱ्या गावाला दिसते. निधींची विभागणी म्हणजे पैशाचे फड होत. फरक इतकाच की पाटाचे पाणी डोळ्यांना दिसते. पैशाचे वाहणे दिसावे म्हणून खतावणी लागते.

पण केवळ निधी वेगळे करून भागत नाही. विद्यापीठाच्या प्रत्येक व्यवहाराला पाच प्रश्न विचारले गेले पाहिजेत: हा पैसा कोणत्या निधीतला? तो कोणाकडून आला? तो कोणत्या कार्यासाठी गेला? तो कोणत्या विभागासाठी वा ठिकाणासाठी गेला? आणि खर्चाचे स्वरूप काय? समजा, भडगावच्या परीक्षा केंद्रावर नेमलेल्या पथकाच्या प्रवासाचे देयक आले. जुन्या वळणाच्या खतावणीत ते ‘प्रवासखर्च’ या शीर्षात पडेल आणि पदाधिकाऱ्यांच्या मुंबईवारीच्या देयकांत मिसळून जाईल. पाच अंगांच्या मांडणीत त्याच देयकावर सर्वसाधारण निधी, परीक्षा शुल्क, परीक्षा कार्य, भडगाव केंद्र आणि प्रवास अशा पाच खुणा उमटतील. वर्षअखेर परीक्षा शुल्कातून किती जमले आणि परीक्षांवर किती लागले हे एका बेरजेत कळेल. शिल्लक मोठी असेल तर शुल्क कमी करण्याची मागणी घोषणेवर न राहता आकड्यावर उभी राहील.

कार्यानुसार वर्गीकरण ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. अमेरिकेतील विद्यापीठांच्या हिशेबांत अध्यापन, संशोधन, लोकसेवा, विद्यार्थी सेवा, संस्थेचे प्रशासन अशी विभागणी दीर्घकाळ रूढ आहे. भारतातही केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१५ साली वार्षिक हिशेबांचा एकसारखा नमुना लागू केला. त्यात मूळ निधी, विशिष्ट हेतूने राखलेले निधी आणि चालू देणी वेगवेगळी दाखवावी लागतात. राज्य विद्यापीठांकडून याहून कमी अपेक्षा का ठेवायची?

आता ज्या जागी हिशेब गप्प होतो त्या जागा पाहू गेल्यास त्यांतील पहिली ‘अनामत’. पैसा आला, पण कशासाठी हे ठरेपर्यंत तो अनामत खात्यात पडतो. आणि ठरवण्याची घाई कोणालाच नसते. दुसरी जागा शिष्यवृत्तीची. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती यांतील शुल्काची रक्कम हे शासनाकडून येणे असते. हिशेब केवळ रोख आवकजावकीवर ठेवला आणि हे येणे शासनाच्या नावे लिहिलेच नाही, तर ती रक्कम विद्यार्थ्याच्या नावावरची थकबाकी भासू लागते. कर्ज एकाचे आणि तगादा दुसऱ्याला! आदिवासी वा दलित विद्यार्थी खिडकीपुढे उभा राहून ज्या अपमानाला तोंड देतो, त्याचे मूळ पुष्कळदा अशा चुकीच्या नावे पडलेल्या एका नोंदीत असते. उपार्जित पद्धतीचा, म्हणजे येणे-देणे उद्भवताच त्याची नोंद करणारा हिशेब हा म्हणूनच व्यापाऱ्यांचा शौक नव्हे. त्यात विद्यार्थ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

तिसरी जागा श्रमिकांची. कायम नोकरांचे वेतन ‘वेतन’ या शीर्षात दिसते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाचा मोबदला ‘मानधन’ होतो, आणि ठेकेदारामार्फत आलेला सफाई कामगार, पहारेकरी, संगणकचालक ‘बाह्य सेवा’ या शीर्षात, विजेच्या आणि दुरुस्तीच्या देयकांशेजारी जाऊन बसतो. माणूस माणसांच्या यादीतून उठून वस्तूंच्या यादीत जातो. वेतनखर्च आटोक्यात आल्याचे समाधान अंदाजपत्रक व्यक्त करते आणि त्याच वेळी ठेक्याचा आकडा फुगत जातो. विद्यापीठात एकूण किती माणसे राबतात आणि त्यांच्या हाती प्रत्यक्ष किती पैसा पडतो, हे ठेकेदाराचा नफा वेगळा काढून दाखवणारी उपशीर्षे नसतील, तर कामगार संघटनेने कोणत्या आधारावर भांडायचे?

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला प्रशासनाचा: इतके बारकावे ठेवले तर शीर्षांचे जंगल माजेल. उलट, जंगल माजते ते प्रत्येक नव्या योजनेला नवे शीर्ष जोडत गेल्यामुळे. पाच अंगे स्वतंत्र ठेवली तर प्रत्येक अंगात मोजकीच नावे पुरतात आणि संगणक त्यांची हवी तशी जुळणी करून देतो. नावे मात्र वर्षानुवर्षे स्थिर राहिली पाहिजेत. दर वर्षी शीर्ष बदलणे हा तुलना टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो आणि तो अधिक गंभीर आहे. विभागवार खर्च स्पष्ट झाला की ‘तोट्यातले’ विभाग बंद करा अशी ओरड सुरू होईल. भाषा, समाजशास्त्रे, धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दुर्गम भागातील केंद्रे यांवर पहिली कुऱ्हाड पडेल. ही भीती निराधार नाही. शिक्षणाला बाजाराची वस्तू मानणाऱ्यांच्या हाती हेच आकडे हत्यार होऊ शकतात. पण अंधारात ठेवलेल्या आकड्यांनी दुर्बलांचे रक्षण कधी झालेले नाही, कारण सत्ताधाऱ्यांना ते आकडे अंधारातही दिसत असतात. सातपुड्यातील विद्यार्थ्यावर दरडोई अधिक खर्च होत असेल तर तो अभिमानाने सांगावा. तो समतेचा खर्च आहे. आणि कमी होत असेल, तर तेही सांगावे.

कार्यकर्त्यांनी आता नेमके काय करावे? अधिसभेतील सहकाऱ्यांनी अंदाजपत्रकाबरोबर निधीनिहाय, कार्यनिहाय आणि जिल्हानिहाय गोषवारा मागावा. ‘इतर’ या शीर्षाला मर्यादा घालून त्यापुढील प्रत्येक रकमेचा तपशील देणे बंधनकारक करावे. अनामत रकमांची वर्षवार यादी आणि राखीव निधींच्या ठेवींवरील व्याज कोणत्या निधीत जमा झाले याचे पत्रक मागावे. विद्यार्थी संघटनांनी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ वर बोट ठेवावे. अंदाजपत्रक, प्रस्तावित खर्च आणि प्रत्यक्ष वाटप कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणावर त्या कलमाने टाकले आहे. आणि हा गोषवारा सोप्या मराठीत, प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागला पाहिजे.

या विद्यापीठाला जिचे नाव आहे ती आसोद्याची लेक निरक्षर होती. तरी घरादाराचा आणि शेताशिवाराचा हिशेब तिला उमगत होता. तिच्या नावाच्या विद्यापीठातील पदवीधराला आपल्याच विद्यापीठाचा जमाखर्च वाचता येऊ नये, ही स्थिती बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही की नवा निधी लागत नाही. भडगावच्या शेतकऱ्याने भरलेला रुपया कोणत्या नावाने लिहिला गेला, हे विचारण्याची चिकाटी तेवढी लागते.