तारे हलले, आपण केव्हा हलणार?

प्राचीन खगोलशास्त्राचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर हमखास ऐकू येतात. ‘भारतीयांचे सारे उसने’ हा एक आणि ‘सारे आमच्या ग्रंथांत आधीच आहे’ हा दुसरा. पहिल्याचा समाचार आपण नेहमीच घेतो. आज दुसऱ्याचा घेणे भाग आहे, कारण तो आपल्याच घरातला आहे.

स्वातीचे उदाहरण घ्या. सूर्यसिद्धांतात या ताऱ्याचा शर ३७ अंश उत्तर दिला आहे. पण हा तारा ‘स्थिर’ नाही. तो दरवर्षी सुमारे २.३ विकला सरकतो. दीड हजार वर्षांत हे अंतर जवळजवळ एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांच्या रुंदीइतके होते. ही चाल १७१८ मध्ये इंग्लंडच्या एडमंड हॅलीने उघड केली. स्वाती, व्याध आणि रोहिणी यांची ग्रीकांनी नोंदवलेली स्थाने त्याने आपल्या काळच्या वेधांशी ताडून पाहिली. जुनी नोंद आणि नवा वेध, एवढेच त्याचे भांडवल! जुनी नोंद आपल्यापाशीही होती. आपण तिच्या नकला करीत राहिलो.

हीच का आपली परंपरा? केरळच्या परमेश्वराने अनेक दशके ग्रहणांचे वेध घेऊन १४३१ मध्ये ‘दृग्गणित’ सिद्ध केले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त पूर्वसूरींचे जे गणित आकाशाशी जुळले, तेवढेच स्वीकारले. त्यांचे वारस म्हणविणारे आपण मात्र मकरसंक्रांतीलाच उत्तरायण सुरू होते, असे मुलांना आजही सांगतो. ताऱ्यांच्या संदर्भात अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. त्यामुळे सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो.

युरोपच्या ‘गाया’ यानाने २०१४ ते २०२५ या काळात जवळजवळ दोनशे कोटी ताऱ्यांचे वेध घेतले. त्याच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी साऱ्या जगाला खुल्या आहेत. त्या अभ्यासणारे तरुण आपल्या घरांतून घडावयाचे, तर प्रारंभ अंगणातूनच व्हावा. २२ डिसेंबरला मध्यान्ही मीटरभर उंचीचा शंकू रोवून मुलांकरवी सावली मोजून घ्या. संक्रांतीला पुन्हा मोजा. पुण्यात ती सुमारे सात सेंटिमीटरने आखूड भरेल. पूर्वजांचे खरे ऋण त्या सात सेंटिमीटरांत आहे. ते फेडावयाचे, तर जयघोष पुरे. मोजपट्टी हाती घ्या.