राउटरमध्ये खरा आकडा भरा



राउटरच्या इंटरफेसवर 'बँडविड्थ' वाढवून लिहिली की नेट वेगवान होते, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे चुकीचे आहे. सिस्कोच्या राउटरवर त्या आज्ञेने वेग तसूभरही बदलत नाही. तो आकडा राउटर मार्ग निवडताना आणि लाइनच्या क्षमतेची टक्केवारीने वाटणी करताना वापरतो. आकडा फुगवला, तर वाटणीच फसते.

आमच्या केम गावात हीच वाटणी महत्त्वाची आहे: कुंकवाच्या ऑर्डरी, मुलांचे ऑनलाइन तास आणि मोबाइलचा फोटो-बॅकअप एकाच लाइनवर चालतात. बॅकअप सुरू झाला की अपलोडची रांग वाढते, कॉलवरचा आवाज तुटतो. मोठा प्लॅन घेतला, तरी बॅकअप तोही व्यापतो. त्यापेक्षा अपलोडचा खरा वेग मोजावा. तो 20 एमबीपीएस असेल, तर राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणत्या डेटाला आधी सोडायचे ते ठरवणाऱ्या सोयीत) अपलोडची मर्यादा 18 ठेवावी. मग रांग मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते आणि कॉलला पुढे सोडता येते. आवाजी कॉलला साधारण 100 केबीपीएस पुरतात. तेवढ्यासाठी कुणाचा तास बुडू नये. ज्यांच्याकडे शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा राउटर आहे, त्यांनी ही मर्यादा आजच तपासावी.

– एक वाचक, केम (ता. करमाळा, जि. सोलापूर)